‘गेट अवे’मध्ये नेमकं कोण कुठे पळतं?

प्रश्न विचारणारे मराठी माध्यमात शिकलेले आहेत आणि आता ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत आहेत. त्यांच्या टीम लीडने चॅटवर लिहिलं, ‘सॉरी, कुडन्ट गेट अवे.’ त्याच आठवड्यात कॉलवर लंडनचा क्लायंट म्हणाला, ‘वी कॅन गेट अवे विथ वन सर्व्हर.’ मोबाइलवरच्या डिक्शनरीत अर्थ सापडला ‘पळून जाणे, निसटणे’. तेव्हा त्यांचा सवाल असा, की मॅडम कुठून पळणार होत्या आणि क्लायंट आमचा सर्व्हर घेऊन कुठे पसार होणार आहे?

कोणीही कुठे पळत नाहीये. मॅडमना मीटिंगमधून उठता आलं नाही, आणि क्लायंट म्हणतोय की एका सर्व्हरवर भागेल. पण प्रश्न अगदी रास्त आहे. दादरला नोकरदार मंडळींना बोलायचं इंग्रजी शिकवताना हे क्रियापद दर बॅचला कोणी ना कोणी घेऊन येतंच, आणि बहुतेक वेळा ऑफिसात काहीतरी गोंधळ होऊन गेल्यावरच येतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी गाभा. ‘लीव्ह’ म्हणजे नुसतं निघणं. ‘गेट अवे’ म्हणजे कशाच्या तरी तावडीतून निघणं. ‘आय लेफ्ट ॲट सिक्स’ म्हटलं की सहाला निघालो, विषय संपला. ‘आय गॉट अवे ॲट सिक्स’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, याला काहीतरी धरून बसलं होतं. काम असेल, साहेब असेल, फोन असेल, नाहीतर लग्नघरातले ‘जेवल्याशिवाय जायचं नाही’ म्हणणारे काका असतील. वाक्य समोर आलं की स्वतःला एकच विचारायचं, तावडी कोणाची? उत्तर मिळालं तर ‘गेट अवे’ बसतं. नाही मिळालं तर मुकाट्याने ‘लीव्ह’ किंवा ‘गो’ वापरावं.

आपली अडचण अशी, की आपल्या डोक्यात आधी ‘सुटणे’ येतं, आणि मराठीत काय काय सुटतं याला सुमार नाही. ऑफिस सुटतं, शाळा सुटते, गाडी सुटते, वारा सुटतो, वडापावच्या गाडीपाशी तोंडाला पाणी सुटतं आणि तो रोज खाल्ला की पोट सुटतं. यातलं एकही ‘गेट अवे’ नाही. आठ दहाची कसारा सुटली याला ‘द ट्रेन लेफ्ट’, आणि ती तुम्हाला मिळाली नाही याला ‘आय मिस्ड द ट्रेन’. ‘माय ट्रेन गॉट अवे’ म्हणालात तर समोरच्याच्या डोळ्यापुढे रूळ सोडून धूम ठोकणारी लोकल उभी राहील. ‘ऑफिस गॉट ओव्हर’ आपल्याकडे सर्रास चालतं, आपल्याआपल्यांत बोलताना मी कोणाला टोकतही नाही. पण लंडनच्या माणसाशी बोलताना ‘आय फिनिश ॲट सिक्स’ म्हणा.

आता ऑफिसातला रोजचा वापर. ‘आय कान्ट गेट अवे टिल सेव्हन’, सातपर्यंत काही हलता येणार नाही. ‘कॅन यू गेट अवे फॉर टेन मिनिट्स?’ म्हणजे दहा मिनिटं जमेल का यायला. ‘आय विल ट्राय टू गेट अवे अर्ली’, लवकर निघायला बघतो. यात पळपुटेपणाचा वासही नाही. उलट ‘काम आहे, मी त्यात अडकलेय’ हे न सांगता सांगितलं जातं, म्हणून तर मॅडमनी ते वापरलं. ‘कुडन्ट कम’ लिहिलं असतं तर ते कोरडं वाटलं असतं. ‘कुडन्ट गेट अवे’ म्हटल्यावर ‘मला यायचं होतं’ हे त्यात आपोआप आलं.

इथे व्याकरणाची एक खोच आहे आणि आपली बहुतेक मंडळी इथेच ठेचकाळतात. ‘काल मला सहाला सुटता आलं’ याचं इंग्रजी आपण करतो ‘यस्टरडे आय कुड गेट अवे ॲट सिक्स’. हे चुकीचं. एखादी गोष्ट एकदा, त्या दिवशी, प्रत्यक्षात जमली असेल तर ‘कुड’ चालत नाही. ‘आय मॅनेज्ड टू गेट अवे ॲट सिक्स’ किंवा ‘आय वॉज एबल टू गेट अवे’. गंमत म्हणजे नकारात ‘कुडन्ट’ बिनदिक्कत चालतं. म्हणजे ‘काल जमलं नाही’ला ‘कुडन्ट’, पण ‘काल जमलं’ला ‘मॅनेज्ड टू’. आणखी एक बारीक गोष्ट: ‘गेट अवे फ्रॉम द ऑफिस’, यातला ‘द’ खाऊ नका. ‘फ्रॉम वर्क’ म्हणणार असाल तर मात्र ‘द’ नको.

खऱ्याखुऱ्या पळण्याकडे येऊ. पेपरात वाचतो ना, ‘चोरटे दुचाकीवरून पसार’? तो ‘पसार’ म्हणजे नेमका ‘गॉट अवे’. ‘द थीव्ह्ज गॉट अवे ऑन अ बाइक’. मागमूसही न ठेवता गेले तर मध्ये ‘क्लीन’ घालतात, ‘गॉट क्लीन अवे’. पोलिसांच्या हातावर तुरी देऊन गेला, गुंगारा दिला, पोबारा केला, या सगळ्यांना बोलताना ‘गॉट अवे’ पुरतं. लेखी रिपोर्टमध्ये मात्र ‘एस्केप्ड’ किंवा ‘फ्लेड’ लिहावं, कारण ‘गेट अवे’ हे बोलण्यातलं क्रियापद आहे.

‘गेट आउट’ आणि ‘गेट अवे’ यांत लोक फार गल्लत करतात. यासाठी मी वर्गात इतिहासातली दोन उदाहरणं घेते, आपल्या माणसांना ती चटकन कळतात. ‘गेट आउट’ म्हणजे बंदिस्त जागेच्या बाहेर पडणं. ‘गेट अवे’ म्हणजे मागावर असलेल्यांच्या हाती न लागणं. ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात सावरकर ‘मोरिया’ बोटीच्या पोर्टहोलमधून बाहेर पडले, समुद्रात उडी घेतली, पोहत किनारा गाठला. ‘ही गॉट आउट ऑफ द शिप.’ पण किनाऱ्यावर ते पकडले गेले आणि परत बोटीवर आणले गेले. ‘ही डिडन्ट गेट अवे.’ बाहेर पडणं झालं, सुटणं झालं नाही. १६६६ साली आग्र्यात महाराज चौकीपहाऱ्यातून बाहेर पडले हे ‘गेट आउट’. औरंगजेबाची माणसं शोधत असताना ते सुखरूप राजगडाला पोहोचले, तेव्हा ‘गेट अवे’ पुरं झालं. (इतिहासावर निबंध लिहिणार असाल तर तिथे ‘एस्केप फ्रॉम आग्रा’ हेच लिहा. ‘गॉट अवे’ त्या प्रसंगाला फार घरगुती होतं.)

अपघाताचीही गोष्ट तशीच. ‘अपघातातून सुटलो’ला ‘आय गॉट अवे फ्रॉम द ॲक्सिडेंट’ म्हटलं तर अर्थ होतो की अपघात करून मी तिथून पळून गेलो. भलतंच प्रकरण व्हायचं! ‘आय सर्व्हाइव्ह्ड’ म्हणा, किंवा खरचटण्यावर निभावलं असेल तर ‘आय गॉट अवे विथ अ फ्यू स्क्रॅचेस’.

या शेवटच्या वाक्यात ‘विथ’ आलं. खरा खजिना त्या ‘विथ’मध्ये आहे, आणि खरा घोळही.

‘गेट अवे विथ’चे दोन अर्थ आधी वेगळे करून घेऊ. ८ ऑगस्ट १९६३ च्या पहाटे इंग्लंडमध्ये ग्लासगोहून लंडनला जाणारी टपालगाडी लुटली गेली. दरोडेखोर सुमारे २६ लाख पौंड घेऊन गेले. ‘दे गॉट अवे विथ २६ लाख पौंड’, इथे ‘विथ’ म्हणजे ‘घेऊन’. आपल्या पेपरांच्या भाषेत रक्कम लंपास केली. पण ज्या शेतघरावर ते लपले होते तिथे बोटांचे ठसे सापडले, टोळीतले बहुतेकजण पकडले गेले, लांबलचक शिक्षा झाल्या. म्हणजे ‘दे डिडन्ट गेट अवे विथ इट’. इथे ‘विथ’ म्हणजे ‘करून’. केलं आणि पचलं का? नाही पचलं. एकाच दरोड्याबद्दल ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. त्यातला रॉनी बिग्ज १९६५ मध्ये तुरुंगाची भिंत ओलांडून पळाला, पुढे कित्येक वर्षं ब्राझीलमध्ये राहिला आणि २००१ मध्ये आपणहून इंग्लंडला परतल्यावर पुन्हा आत गेला. तो तुरुंगातून ‘गॉट अवे’ हे नक्की. ‘गॉट अवे विथ इट’ म्हणायचं का, यावर माझ्या वर्गात दर वेळी वाद होतो, आणि मी तो होऊ देते. वाद घालताना तो प्रयोग बरोब्बर जागी बसतो.

चोरी-लबाडीच्या गोष्टीत हे दोन अर्थ ओळखायची खूण सोपी आहे. ‘विथ’नंतर हातात धरता येईल अशी वस्तू आली, पैसे, दागिने, मोबाइल, तर ‘घेऊन पसार’. ‘विथ’नंतर ‘इट’ किंवा एखादं कृत्य आलं तर ‘पचलं’. कृत्य सांगताना क्रियापदाला ‘आयएनजी’ लागतं: ‘ही गॉट अवे विथ चीटिंग’. ‘विथ टू चीट’ वगैरे काही नाही. आणि हे तीन शब्द साखळीने बांधलेले आहेत, त्यांच्या मध्ये कोणी शिरत नाही. ‘गेट इट अवे विथ’ असं कधीच होत नाही.

आता या ‘पचणे’साठी मराठीत केवढी श्रीमंती आहे बघा. लाच पचते, थाप खपते, चूक चालून जाते, गुन्हा जिरतो, लहानसहान लबाडी बिनबोभाट पार पडते. इंग्रजी माणूस हे सगळं एका ‘गेट अवे विथ इट’मध्ये उरकतो. ‘यू वोन्ट गेट अवे विथ दिस’ म्हणजे ‘हे तुला पचणार नाही’, आणि त्यातली धमकीसुद्धा तशीच्या तशी. ‘लेट’ जोडलं की ‘खपवून घेणे’ तयार होतं: ‘हिज मदर लेट्स हिम गेट अवे विथ एव्हरीथिंग’, आई त्याचं सगळं खपवून घेते. ‘आय वोन्ट लेट यू गेट अवे विथ दॅट’, मी हे खपवून घेणार नाही. माझ्या वर्गातल्या एका बाईंना सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून बिल्डरच्या माणसाला इंग्रजीत सुनवायचं होतं. त्यांना ‘टॉलरेट’ येत होतं, पण ‘आय वोन्ट टॉलरेट’ म्हटलं की वकिलाच्या नोटिशीसारखं वाटतं. ‘वी आर नॉट लेटिंग यू गेट अवे विथ धिस’ ही खरी भांडणाची भाषा. पुढच्या आठवड्यात त्या सांगत आल्या, की तो माणूस चपापला. पार्किंगचं काय झालं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

‘ही गेट्स अवे विथ मर्डर’ ऐकून घाबरू नका. कोणाचा खून झालेला नाही. हे आपलं ‘त्याला सात खून माफ’, अगदी त्याच सुरात. टीममधला तो लाडका प्राणी, जो रोज अकराला उगवतो आणि कोणी त्याला हूं की चूं करत नाही, त्याच्याबद्दल हे म्हणतात. फक्त ते त्याच्या पाठीमागे म्हणायचं असतं, आणि ईमेलमध्ये कधीच नाही.

लोकलचं उदाहरण घेऊ, त्यात तीन-चार छटा एका डब्यात मिळतात. विनातिकीट प्रवास केला, टीसी भेटलाच नाही: ‘ही गॉट अवे विथ इट’, किंवा ‘ही गॉट अवे विदाउट पेइंग’. टीसीने धरलं, पण विद्यार्थी आहे म्हणून समज देऊन सोडलं: ‘ही गॉट अवे विथ अ वॉर्निंग’. इथे ‘विथ’ म्हणजे ‘एवढ्यावरच’. शिक्षा झाली, पण व्हायला हवी त्यापेक्षा कमी, नुसत्या दमावर निभावलं. याच ठिकाणी ‘गॉट ऑफ विथ अ वॉर्निंग’ही म्हणतात. फरक असलाच तर इतका, की ‘गेट ऑफ’मध्ये समोर कोणीतरी अधिकारी बसलेला असतो, टीसी, मुख्याध्यापक, न्यायाधीश. कोर्टातून निर्दोष सुटला तर ‘ही गॉट ऑफ’. आणि हो, गाडीतून दादरला उतरलात तर तेही ‘गॉट ऑफ ॲट दादर’, त्याचा गुन्ह्याशी संबंध नाही. टॅक्सीतून मात्र ‘गेट आउट ऑफ’. हे पाठ करावं लागतं, याला इलाज नाही.

‘गेट आउट ऑफ’चा आणखी एक उपयोग आहे आणि तो ‘गेट अवे विथ’शी हमखास भांडतो. इलेक्शन ड्यूटी घ्या. पालिकेच्या शाळेतले शिक्षक किंवा सरकारी ऑफिसातले कर्मचारी यांना ती लागते. कोणी मेडिकल सर्टिफिकेट लावून ती आधीच कटवली तर ‘ही गॉट आउट ऑफ इलेक्शन ड्यूटी’. पण कोणी ट्रेनिंगला दांडी मारली आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही, तर ‘ही गॉट अवे विथ स्किपिंग द ट्रेनिंग’. एकात काम टाळलं, करावंच लागलं नाही. दुसऱ्यात आगळीक केली आणि ती निभावून गेली. आधी टाळलं तर ‘आउट ऑफ’, नंतर निस्तरावं लागलं नाही तर ‘अवे विथ’. परीक्षा चुकवली, भांडी घासायचं टाळलं, लग्नाला जायचं टाळलं, सगळीकडे ‘गॉट आउट ऑफ’.

क्लायंटच्या सर्व्हरचा अर्थ इथून फार लांब नाही. कमी गोष्टीवर काम भागवलं आणि कोणाच्या डोळ्यावर आलं नाही, की तेही ‘गेट अवे विथ’. ‘यू कॅन गेट अवे विथ वन कोट ऑफ पेंट’, रंगाचा एकच हात चालून जाईल. ‘कॅन आय गेट अवे विथ जीन्स?’, जीन्स खपेल ना तिथे? पावसाळ्यात मुंबईकर रोज हा हिशोब करतो, आज छत्रीवर भागेल की रेनकोट घ्यावा लागेल. ‘कॅन आय गेट अवे विथ जस्ट ॲन अम्ब्रेला?’ तावडी इथेही आहे, फक्त ती नियमाची किंवा लोकांच्या नजरेची आहे. खरं तर दोन हात द्यायला हवेत, पण एकावर निभावतंय.

म्हणूनच हे उलटं म्हणताना जपायचं. क्लायंट स्वतः ‘वी कॅन गेट अवे विथ वन सर्व्हर’ म्हणू शकतो, पैसे त्याचे आहेत. तुम्ही प्रपोजलमध्ये तेच वाक्य लिहिलंत तर त्याचा वास येतो की ही माणसं कशीबशी भागवणार. तुम्ही लिहायचं ‘वन सर्व्हर विल बी सफिशियंट’. कॉन्ट्रॅक्टरने सोसायटीला ‘एका हातावर खपून जाईल हो’ असं कोटेशनमध्ये लिहिलं तर सेक्रेटरी काय करेल, तसंच हे. आपसांत बोलताना मात्र बिनधास्त वापरा.

कौतुकातही हीच धार असते. ‘शी कॅन गेट अवे विथ दॅट कलर’ म्हणजे तिला तो रंग शोभून जातो. पण त्यात ‘दुसऱ्या कोणी घातला असता तर हसू झालं असतं’ हे गृहीत आहे. मैत्रिणीला म्हणा. साहेबांच्या मिसेसना म्हणू नका, त्यांना ‘दॅट कलर सूट्स यू’ पुरे.

आता सुट्टी. ‘वी आर ट्राइंग टू गेट अवे फॉर अ फ्यू डेज’ म्हणजे चार दिवस कुठेतरी जाऊन यायचा विचार आहे. इथे तावडी शहराची. ‘गेट अवे फ्रॉम इट ऑल’ म्हटलं की गर्दी, हॉर्न, व्हॉट्सॲप ग्रुप, सगळ्याला रामराम. या अर्थाला सगळ्यात जास्त न्याय माथेरान देतं असं माझं मत आहे, कारण तिथे गाड्यांना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची आणि पुढे पायी किंवा घोड्यावर जायचं. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी १९०७ पासूनची. लोणावळ्याला शनिवारी जाणाऱ्यांनी ‘वी गॉट अवे फ्रॉम द ट्रॅफिक’ म्हणण्याआधी जरा विचार करावा.

याचंच नाम ‘गेटअवे’. लिहिताना क्रियापद दोन शब्दांत, नाम एका शब्दात. रिसॉर्टच्या बोर्डांवर हे नाम हमखास दोन शब्दांत दिसतं, आणि काही बोर्डांवर तर स्पेलिंग थेट ‘गेटवे’चं. देवनागरीत ‘गेट’ आणि ‘गेट’ सारखेच दिसतात हे खरं, पण बोलताना फरक आहे. दरवाजातला ‘गे’ लांब, ‘गेट अवे’तला आखूड. ‘गेटवे’चे तुकडे दोन, ‘गेट अवे’चे तीन. क्रियापदात जोर ‘वे’वर येतो, नामात पहिल्या ‘गे’वर. इंग्रज ‘गेट’चा ‘ट’ पुढच्या ‘अ’ला जोडून ‘गे-ट-वे’ असं भरभर म्हणतो. अमेरिकन माणूस त्या ‘ट’ला इतका मऊ करतो की आपल्याला ‘गेडवे’ ऐकू येतं. कॉल सेंटरवाल्यांनी हे कानावर पाडून घ्यावंच.

गेटवेचा विषय निघालाच आहे तर एक प्रश्न मी वर्गात टाकते. गेटवे ऑफ इंडिया १९२४ मध्ये खुला झाला, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची तुकडी, म्हणजे इथून जाणारं शेवटचं ब्रिटिश सैन्य, त्याच्याखालून गेलं. ‘दे लेफ्ट’ की ‘दे गॉट अवे’? संचलन करत, मानवंदना घेऊन गेले, कोणी धरून ठेवलं नव्हतं. तेव्हा ‘दे लेफ्ट’. मागच्या बाकावरून एखादा तरी म्हणतोच, ‘पण मॅडम, दीडशे वर्षं राज्य करून दे गॉट अवे विथ इट!’ त्याचं व्याकरण बिनचूक असतं.

उरलेले उपयोग झरझर सांगते. ‘देअर इज नो गेटिंग अवे फ्रॉम इट’ म्हणजे ते काही चुकत नाही. रविवारचा मेगाब्लॉक कोणाला चुकलाय? ‘वी आर गेटिंग अवे फ्रॉम द पॉइंट’, विषय भरकटतोय. मीटिंगमध्ये हे वाक्य सभ्यपणे फार उपयोगी पडतं. ‘द वन दॅट गॉट अवे’ हे मूळचं गळ टाकून बसणाऱ्यांचं बोलणं, हातची निसटलेली मासळी, जी सांगताना दर वेळी थोडी मोठी होते. आता ते हातच्या गेलेल्या कशालाही म्हणतात: नोकरी, प्रेम, किंवा ठाण्यातला तो वन बीएचके, जो तेव्हा घ्यायला हवा होता.

‘गेट अवे फ्रॉम’ आज्ञेत आलं की त्यात धोका असतो. पावसाळ्यात मोठ्या भरतीला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर लाटा फुटत असतात, आणि कोणीतरी पोर सेल्फीसाठी कठड्यावर चढलेलं असतं. तेव्हा ओरडायचं, ‘गेट अवे फ्रॉम देअर!’, लांब हो तिथून! मुलाला ओढून बाजूला घ्यायला सांगायचं असेल तर ‘गेट हिम अवे फ्रॉम द एज’. इथे मात्र ‘गेट’ आणि ‘अवे’ यांच्या मध्ये माणूस शिरतो. पाटीवर मात्र ‘कीप अवे’ लिहितात, म्हणजे मुळात जवळ येऊच नका. आणि ‘गो अवे’ म्हणजे ‘चालता हो’, ते रागाचं आहे. तिघांची अदलाबदल करू नका, विशेषतः परदेशी पाहुण्याला प्लॅटफॉर्मच्या कडेपासून मागे घेताना. ‘गो अवे’ म्हणालात तर तो बिचारा थेट हॉटेलवर जाईल.

क्रिकेटवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण कॉमेंट्रीत हे क्रियापद कधी कधी उलट्या बाजूने येतं. ‘दे कान्ट गेट हिम अवे’ म्हणजे बोलर इतका टिच्चून टाकतोय की त्याच्यावर धावाच निघत नाहीत. ‘गेट्स इट अवे थ्रू द कव्हर्स’, कव्हर्समधून मारला. बॅटची कड लागून बॉल दोन स्लिपच्या मधून गेला तर बॅट्समन ‘गॉट अवे विथ वन’. तेच बोलरने फुलटॉस टाकला आणि समोरच्याला तो मारता आला नाही, तर बोलर ‘गॉट अवे विथ वन’. हातातली मॅच घालवली की ‘दे लेट इट गेट अवे’. शिवाजी पार्कवर लहानपणापासून मराठीत कॉमेंट्री करणाऱ्या पोरांना हे एका संध्याकाळी येतं. बाकीच्यांनी टीव्हीचा आवाज बंद न करता मॅच बघावी.

आणि कधी एखाद्या ब्रिटिश सहकाऱ्याला, त्यातून तो उत्तर इंग्लंडचा असेल तर, तुम्ही म्हणालात की माझा रोजचा प्रवास जाऊन-येऊन चार तासांचा आहे, आणि तो उद्गारला ‘गेट अवे!’, तर तो तुम्हाला हाकलत नाहीये. ‘चल, काहीतरीच!’ म्हणतोय. त्याला खुशाल डोंबिवली फास्टचा व्हिडिओ दाखवा.